समुद्रातील बुरशी आणि घरातील औषधांचा डबा

(मंडळाच्या कर्जत येथील वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



मंडळाच्या चिटणिसांनी आम्हांस अर्धा तास काही उपयुक्त बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा आम्ही विषय सांगितला, "समुद्रातील बुरशी व तिच्यापासून मिळणारी औषधे." चिटणीस क्षणभर आमच्याकडे पाहतच राहिले. मग म्हणाले, "गुरुजी, आपण डोंगराच्या पायथ्याची माणसे. समुद्र आपल्याला पेण ओलांडल्यावाचून दिसत नाही. त्यातल्या बुरशीशी आपला काय संबंध?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देण्याचा आम्ही प्रयत्न करणार आहोत. मात्र ते उत्तर चिटणिसांच्याच घरातील कपाटात निघेल, एवढे आधी सांगून ठेवतो.

आमच्या अधिकाराविषयीही दोन शब्द. आम्ही जुन्या अकरावीचे मॅट्रिक. पुढे ट्रेनिंग करून सारी नोकरी प्राथमिक शाळेत बाराखडी आणि पाढे शिकविण्यात गेली. शास्त्राचा आमचा अभ्यास नाही. आमची पुतणी सूक्ष्मजीवशास्त्र शिकते. तिने पुस्तके आणून दिली, न समजले ते चार चार वेळा समजावून सांगितले, आणि आम्ही वही घालून टिपणे काढली. आयुष्यभर शिकविल्यावर उतारवयात घरच्याच मुलीपुढे विद्यार्थी होऊन बसण्यात एक निराळाच आनंद असतो, तो आम्हांस मिळाला.

बुरशी म्हणजे काय हे कोकणातल्या माणसास सांगण्याची गरज नाही. आषाढ-श्रावणात आपल्या घरात तिच्यावाचून एक वस्तू सुटत नाही. ओसरीवरच्या वहाणा, खुंटीवरचा कातडी पट्टा, कपाटातील पुस्तकांच्या पाठी, सगळ्यांवर हिरवट पांढरी लव चढते. बरणीत ओला डाव गेला की लोणच्यावर बुरा आलाच. आमच्या मातोश्री असे काही दिसले की नाक मुरडून म्हणत, "टाका उकिरड्यावर." या टाकाऊ वस्तूने आपल्यापैकी कित्येकांचे प्राण वाचविले आहेत, हे त्या माउलीस कोणी सांगितले असते तर तिने विश्वास ठेवला नसता.

येथे आमच्या घरातील एक जुनी गोष्ट सांगणे भाग आहे. सन १९४० साली, आपला जिल्हा कुलाबा या नावाने ओळखला जात होता त्या काळी, आमचे थोरले चुलते वयाच्या बाविसाव्या वर्षी वारले. भातकापणीचे दिवस होते. विळा निसटून पोटरीस लागला. जखम फार तर बोटभर. हळद भरली, धडप्याची पट्टी बांधली आणि दुसऱ्या दिवशी ते पुन्हा शेतात उभे राहिले. चौथ्या दिवशी पाय सुजला, जांघेत गाठ आली, मग थंडी वाजून ताप. बैलगाडीत पेंढा घालून त्यांस कर्जतला आणले. डॉक्टरांनी जखम धुतली, पोटीस बांधले, याहून अधिक त्यांच्या हाती काही नव्हते. दहाव्या दिवशी सारे आटोपले. आमचे वडील तेव्हा बारा वर्षांचे होते. आजीने तो विळा पुन्हा घरात येऊ दिला नाही, असे ते सांगत.

आता याच्या पुढचे पाहा. आमचे चुलते गेले त्यानंतर अवघ्या काही महिन्यांनी, फेब्रुवारी १९४१ मध्ये, विलायतेतील ऑक्सफर्ड येथे आल्बर्ट अलेक्झांडर नावाचा एक पोलीस शिपाई मरणोन्मुख होऊन पडला होता. त्याचाही आजार तोच. चेहऱ्यावरच्या लहानशा जखमेतून जंतू शिरले आणि साऱ्या अंगात पू झाला. फ्लोरी, चेन आणि हीटली या शास्त्रज्ञांनी बुरशीपासून काढलेले एक पिवळसर चूर्ण त्यास टोचण्यास आरंभ केला. ती बुरशी अलेक्झांडर फ्लेमिंग यांस १९२८ साली लंडनच्या सेंट मेरी रुग्णालयात सापडलेली. जंतू वाढविलेल्या त्यांच्या काचेच्या तबकडीत ती वाऱ्यावर येऊन पडली आणि तिच्याभोवतीचे जंतू विरघळून गेले. फ्लेमिंगनी तिच्या रसास पेनिसिलीन नाव दिले, तथापि तो शुद्ध करणे त्यांस साधले नाही, आणि पुढे दहा वर्षे कोणी फारसे लक्ष दिले नाही. शिपायाचा ताप उतरला, तो जेवू लागला. परंतु जगात होते नव्हते तेवढे पेनिसिलीन पाच दिवसांत संपले. त्याच्या लघवीतून बाहेर पडलेले औषध गाळून पुन्हा त्यासच टोचण्यापर्यंत त्या लोकांची मजल गेली. तेही पुरले नाही. मार्चमध्ये तो शिपाई वारला. म्हणजे १९४१ साली ऑक्सफर्डचा शिपाई आणि कोलाबा जिल्ह्यातील शेतकरी यांत औषधाच्या दृष्टीने चार-पाच दिवसांचेच अंतर होते.

पुढे युद्धाच्या गरजेने कारखाने उभे राहिले आणि औषध सुलभ झाले. १९६३ साली आम्ही सहा वर्षांचे असताना आमची छाती भरली. येथेच कर्जतला डॉक्टरांनी पेनिसिलीनची सुई टोचली. तिसऱ्या दिवशी आम्ही भात मागितला. वडील त्या वेळी दवाखान्याच्या पायरीवर बसून रडत होते. सुई आम्हांस टोचली आणि हे का रडतात, असे आम्हांस वाटले होते. ते थोरल्या भावासाठी रडत होते, हे कळावयास आम्हांस पुष्कळ वर्षे लागली.

आपल्या देशात ही औषधे कोठे तयार होऊ लागली? घाटाच्या माथ्यावर, आपल्या दाराशीच. कर्जतला गाडीस मागून इंजिने जोडतात, ती खंडाळ्याचा घाट चढते, लोणावळा-तळेगाव मागे पडते आणि पिंपरी येते. तेथे १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना निघाला व पुढील वर्षापासून तेथे पेनिसिलीन तयार होऊ लागले. औषधे बनविण्याचा केंद्र सरकारचा हा पहिलाच कारखाना. तेथे केवळ परक्यांच्या कृती गिरविल्या गेल्या असे मात्र नाही. कर्नाटकातून आलेले बुरशीशास्त्रज्ञ डॉ. एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांचे सहकारी यांनी पिंपरीच्याच मातीतून एक सूक्ष्मजीव वेगळा केला. दिसावयास तो बुरशीसारखा तंतुमय, जातीने जीवाणू. त्यास त्यांनी गावावरूनच 'पिंप्रिना' हे नाव दिले. त्यापासून १९६१ साली हॅमायसिन हे प्रतिजैविक जगापुढे आले. त्याच्या नावातील आद्याक्षरे कारखान्याची आहेत. लहान मुलांच्या जिभेवर दह्यासारखा पांढरा थर येतो, तो एका बुरशीचाच रोग. त्यावर हे औषध चाले. त्याच प्रयोगशाळेतून निघालेले ऑरिओफंजिन हे तर पिकांसाठी होते. लिंबाच्या झाडांवरील डिंक्या आणि भातावरील करपा यांसारख्या रोगांवर ते वापरण्यात आले. करपा म्हणजे काय हे या सभागृहातील निम्म्या मंडळींस आमच्याहून अधिक ठाऊक आहे, आणि कर्जतच्या भात संशोधन केंद्रातील मंडळींचे तर तेच काम.

त्या कारखान्यास पुढे वाईट दिवस आले. बाहेरून येणाऱ्या स्वस्त मालापुढे त्याचा टिकाव लागेना, आणि २०१६ साली त्याची जादा जमीन विकून देणी भागवावीत असा निर्णय केंद्र सरकारला घ्यावा लागला. पिंपरीस गाडी थांबली की आम्हांस अजूनही वाईट वाटते. असो.

आता समुद्राकडे वळू. इटलीच्या ताब्यातील सार्डिनिया बेटावर काल्यारी नावाचे बंदर आहे. तेथे जुसेप्पे ब्रोत्सू हे आरोग्यशास्त्राचे प्राध्यापक होते. १९४५ साल, महायुद्धाची धूळ अजून बसावयाची होती. शहराचे सांडपाणी एका ठिकाणी समुद्रास मिळत असे. शहरात विषमज्वराची साथ. अशा स्थितीत त्या मोरीच्या तोंडाशी पाण्यात रोगजंतूंचा बुजबुजाट असावयास हवा होता. ब्रोत्सूंना आढळले की, तेथील पाणी आपोआप शुद्ध होत आहे. याचे कारण शोधण्यासाठी त्यांनी ते पाणी नेऊन त्यातले जीव वाढविले, आणि त्यांत त्यांना एक बुरशी मिळाली. तिचा रस विषमज्वराच्या जंतूंस मारी. त्यांच्यापाशी पैसा नव्हता, मोठी प्रयोगशाळा नव्हती. त्यांनी आपला शोध १९४८ साली इटालियन भाषेतील एका लहानशा पत्रिकेत छापला आणि बुरशीचा नमुना ऑक्सफर्डला पाठवून दिला. ज्या लोकांनी पेनिसिलीन शुद्ध केले त्यांच्यापैकीच एडवर्ड अब्राहम आणि त्यांचे सहकारी गाय न्यूटन यांनी त्यावर वर्षानुवर्षे खपून त्यातून सेफॅलोस्पोरिन सी हा पदार्थ वेगळा केला. पेनिसिलीनचे तुकडे करून टाकणारे जे जंतू तोवर माजले होते, त्यांना हा पदार्थ सहजासहजी दाद देईना. १९६४ मध्ये या कुळातील पहिले औषध रुग्णांपर्यंत पोहोचले. मोरीच्या तोंडापासून औषधाच्या कुपीपर्यंत एकोणीस वर्षे लागली.

चिटणीसमहाशय, आता आपल्या कपाटाकडे येतो. सेफॅलेक्झिन, सेफिक्झिम, सेफ्ट्रायॅक्झोन ही नावे आपण वाचली असतील. मुलाचा कान फुटला, कोणास विषमज्वर झाला, कोणाची शस्त्रक्रिया झाली, तर डॉक्टर यांपैकी काहीतरी लिहून देतात. ही सारी त्याच कुळातील. समुद्रात सापडलेली बुरशी खालापूर तालुक्यातील खेड्यापाड्यांतील फळ्यांवर गेली पन्नास वर्षे येऊन बसली आहे.

मग समुद्रात आणखी काय असेल, असा विचार शास्त्रज्ञांच्या मनात येणे स्वाभाविक होते. त्यांची दृष्टी विशेषतः एका प्राण्यावर खिळली आहे. तो म्हणजे स्पंज. अंग घासावयाचा स्पंज आपण दुकानातून आणतो तो हल्ली कृत्रिम असतो. खरा स्पंज हा प्राणी आहे. आपल्या शाळेच्या पुस्तकात 'रंध्रीय' म्हणून जो वर्ग आहे, त्यातला. मालवण-रत्नागिरीच्या आणि गोव्याच्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी खडकांच्या कपारींत तो चिकटलेला दिसतो. यास पाय नाहीत, दात नाहीत, शिंपल्यासारखे कवच नाही, पळून जावयाची सोय नाही. जन्मभर एका जागी बसून अंगावरच्या असंख्य छिद्रांतून तो पाणी आत ओढतो, त्यातले अन्नकण गाळून घेतो आणि पाणी बाहेर सोडतो. मोठा स्पंज दिवसाकाठी हजारो लिटर पाणी असे गाळतो.

पाण्याबरोबर आत येणारे जीवाणू आणि बुरशीचे बीजाणू सगळेच काही पचून जात नाहीत. पुष्कळ तेथेच बिऱ्हाड करतात. काही जातींच्या स्पंजांत तर शरीराचा चाळीस टक्क्यांपर्यंत भाग या बिऱ्हाडकरूंनीच व्यापलेला असतो. गिरगावातील जुनी चाळ ज्यांनी पाहिली असेल त्यांच्या डोळ्यांपुढे हे चित्र चटकन उभे राहील. जागा थोडी, माणसे फार, आणि नळावर रोजचे भांडण. फरक इतकाच की, येथील बिऱ्हाडकरू तोंडाने भांडत नाहीत, रसायनांनी भांडतात. शेजाऱ्याची वाढ खुंटविणारा रस जो सोडील त्याची खोली टिकते. असा रस म्हणजेच आपल्या भाषेत प्रतिजैविक.

हे नुसते तर्क नाहीत. अमेरिकेतील एका विद्यापीठाच्या चमूने बहामा बेटांजवळील समुद्री शैवालावरची एक बुरशी प्रयोगशाळेत वाढविली. एकटी असताना ती बापडी गप्प बसली. तिच्या भांड्यात समुद्रातीलच एक जीवाणू सोडला, तेव्हा तिने एक नवीनच पदार्थ तयार केला. पेस्टॅलोन असे त्याचे नाव. २००१ साली तो जाहीर झाला. रुग्णालयांतून माजलेल्या, नेहमीच्या औषधांस न जुमानणाऱ्या जंतूंवर तो काचेच्या नळीत फार प्रभावी ठरला. शेजारी नसता तर हा पदार्थ जन्मासच आला नसता. भूमध्य समुद्रातील एका स्पंजात पेनिसिलियम क्रायसोजेनम ही बुरशी मिळाली. कारखान्यांतून पेनिसिलीन काढतात ती हीच. परंतु स्पंजात राहणाऱ्या या बहिणीने सॉर्बिसिलॅक्टोन नावाचा एक निराळाच पदार्थ बनविला, आणि रक्ताच्या कर्करोगाच्या पेशींवर त्याचा परिणाम झाला. हे २००३ चे वृत्त. माणूस गाव सोडून मुंबईस गेला की धंदा बदलतो, तसेच काहीसे हे दिसते.

स्पंजाच्या शरीरातून निघालेली औषधे मात्र प्रत्यक्ष वापरात आहेत. कॅरिबियन समुद्रातील एका स्पंजात बर्गमन या रसायनशास्त्रज्ञास १९५० च्या सुमारास काही चमत्कारिक पदार्थ मिळाले. त्यांच्या नमुन्यावरून बनविलेले सायटॅराबिन हे औषध १९६९ साली अमेरिकेत मान्य झाले आणि रक्ताच्या कर्करोगावर ते आजही देतात.

आपल्याकडेही या दिशेने काम चालू आहे. १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था गोव्यात दोनापावला येथे आहे. तेथील डॉ. चंद्रलता रघुकुमार आणि त्यांचे सहकारी यांनी हिंदी महासागरात सुमारे पाच हजार मीटर खोलीवरच्या गाळातून जिवंत बुरशी वाढवून दाखविली. पाच हजार मीटर म्हणजे किती? माथेरानचा डोंगर एकावर एक असे सहा रचले तरी पाण्याबाहेर डोके निघणार नाही. तेथे प्रकाश नाही, पाण्याचा दाब भयंकर, आणि तरीही तेथे आपल्या लोणच्यावरच्या बुऱ्याची भावंडे संसार करून आहेत. आपल्या लोकलच्या वाटेवर मुलुंड लागते. तेथील हेक्स्ट कंपनीच्या संशोधन केंद्राने १९८७ साली ॲस्परजिलस सिडोई या बुरशीच्या एका प्रकारापासून एक नवे प्रतिजैविक काढले आणि त्याचे नाव ठेवले मुलुंडोकँडिन. हा नमुना मातीतला. पण हीच जात समुद्रातही आढळते. एका बाजूस मुलुंड, दुसऱ्या बाजूस पिंपरी, आणि मध्ये आपले कर्जत; या लोहमार्गाने आम्ही आयुष्यभर प्रवास केला आणि खिडकीतून वडापाव घेण्यापलीकडे काही पाहिले नाही.

येथवर ऐकून कोणास वाटेल की, आता औषधांस तोटा नाही. तसे असते तर हे व्याख्यान आम्ही दिले नसते. स्पंजातील बुरशीपासून काढलेले एकही प्रतिजैविक आजपर्यंत औषधाच्या दुकानात आलेले नाही. मुलुंडोकँडिनही आले नाही. त्याच कुळातील कॅस्पोफंजिन हे परदेशी औषध २००१ साली पुढे गेले. याची कारणे अनेक आहेत. समुद्रातील कित्येक जीव प्रयोगशाळेत वाढतच नाहीत. वाढले तर हवा तो रस कणभर देतात. शंभर नमुने तपासले की नव्वदांत जुनाच पदार्थ पुन्हा हाती येतो. नळीत जंतू मारणारा पदार्थ माणसाच्या मूत्रपिंडासही मारक निघतो. आणि शेवटचे कारण व्यवहाराचे. मधुमेहाची गोळी माणूस जन्मभर घेतो; प्रतिजैविक घ्यावयाचे पाच-सात दिवस. त्यातही नवे औषध शक्यतो राखून ठेवावे असे डॉक्टरच सांगतात. तेव्हा त्यात पैसा घालावयास कंपन्या नाखूश असतात. तरी आपल्याच राज्यातील वोक्हार्ट कंपनीने सुमारे चौदा वर्षे खर्ची घालून नॅफिथ्रोमायसिन हे न्यूमोनियावरील औषध २०२४ साली पुढे आणले, ही समाधानाची गोष्ट. ते समुद्रातले नव्हे, मातीतल्या जुन्या कुळाचे सुधारलेले वंशज आहे. पण कालावधी ध्यानात घ्या. चौदा वर्षे.

एक औषध मिळावयास इतका काळ लागतो, आणि आहे ते घालवावयास किती लागतो, हे आम्ही स्वतःच्या घरात पाहिले आहे. ते सांगण्यास जीभ अडखळते. परंतु सौ. तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत आणि त्यांच्या परवानगीनेच बोलतो आहोत.

आमच्या घरी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. दुखणे बरे झाले की उरलेल्या गोळ्या आम्ही त्यात जपून ठेवीत असू. पाच दिवसांच्या लिहून दिलेल्या गोळ्यांपैकी तिसऱ्या दिवशी बरे वाटले की दोन दिवसांच्या डब्यात. टाकून देणे जिवावर येई, कारण पैसे मोजलेले. मग कोणाचे मूल सर्दीतापाने फणफणले, कोणाचा घसा बसला, की लोक आमच्याकडे येत आणि आम्ही त्यातून दोन गोळ्या काढून देत असू. शिक्षकाच्या शब्दावर गावाचा विश्वास असतो. "गुरुजींच्या हातास गुण आहे" असे म्हणत आणि आम्ही सुखावत असू. साधा सर्दीताप विषाणूंचा असतो, त्यावर ही औषधे काडीइतकी चालत नाहीत, तो आपल्या आपण उतरतो, हे आम्हांस ठाऊक नव्हते. ठाऊक करून घेण्याची बुद्धीही झाली नाही. सौभाग्यवतींस तर लघवीच्या जळजळीसाठी आम्ही कितीदा त्या डब्यातून एकेक दिवसाची गोळी दिली असेल, याची गणती नाही.

२०२२ च्या पावसाळ्यात त्यांस हुडहुडी भरून ताप आला. डब्यातील गोळ्यांनी उतरला नाही, गावच्या औषधाने उतरला नाही, चौथ्या दिवशी त्या बरळू लागल्या. पनवेलच्या एका रुग्णालयात दाखल केले. लघवीतील जंतू वाढवून, त्यावर कोणती औषधे चालतात याची तपासणी करतात, तिचा कागद दोन दिवसांनी हाती आला. सोळा औषधांची नावे होती. ज्यापुढे 'एस' ते चालते, ज्यापुढे 'आर' ते चालत नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. आम्ही जन्मभर मुलांची प्रगतिपुस्तके भरली. ते प्रगतिपुस्तक वाचताना आमचा हात कापू लागला. सोळांपैकी अकरांपुढे 'आर' होते. सेफिक्झिमपुढे होते, सेफ्ट्रायॅक्झोनपुढे होते. सार्डिनियाच्या समुद्रातून एकोणीस वर्षे खपून आणलेले ते कुळ आमच्या कुटुंबापुरते निकामी झाले होते. आमच्या डब्यातले प्रत्येक नाव त्या 'आर'च्या रांगेत होते.

"हे आमच्या डब्यामुळे झाले काय?" असे आम्ही विचारले. डॉक्टर भले गृहस्थ. म्हणाले, "गुरुजी, कोणत्या गोळीने कोणता जंतू निर्ढावला हे कोणासही सांगता येणार नाही. असे जंतू पाण्यातून येतात, रुग्णालयातून येतात, दुसऱ्याच्या हातून येतात. पण अर्धवट औषधाने दुबळे जंतू मरतात आणि धट्टेकट्टे राहतात, एवढे खरे." मेरोपेनेम नावाचे औषध शिरेतून नऊ दिवस दिले, त्याने गुण आला. पाच 'एस' उरले होते, त्यांपैकी हे एक. ते नसते तर आमच्या थोरल्या चुलत्यांची गत आणि सौभाग्यवतींची गत यांत बैलगाडी आणि रुग्णवाहिका एवढाच फरक राहिला असता.

जगात २०१९ या एका वर्षात औषधास न जुमानणाऱ्या जंतूंमुळे सुमारे साडेबारा लाखांहून अधिक माणसे दगावली, असा शास्त्रज्ञांचा अंदाज प्रसिद्ध झाला आहे. फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल पारितोषिक घेताना केलेल्या भाषणातच, थोड्या मात्रेत औषध घेतल्यास जंतू निर्ढावतील असा इशारा दिला होता. म्हणजे सांगणाऱ्याने वेळेवर सांगितले होते. आपल्या तालुक्यांत कोंबड्यांच्या शेडी पुष्कळ झाल्या आहेत, त्या बांधवांसाठीही एक गोष्ट सांगतो. कोलिस्टिन हे माणसांसाठी अगदी शेवटचे राखून ठेवलेले औषध कोंबड्यांच्या वाढीसाठी खाद्यात घालीत. त्यास केंद्र सरकारने जुलै २०१९ मध्ये बंदी केली. पोत्यावरची अक्षरे वाचून घेत जा.

गोळ्यांच्या पाकिटावर एक उभी लाल रेघ असते. २०१६ पासून सरकार तिच्याविषयी सांगत आले आहे. ती रेघ असलेली गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून घ्यावयाची नाही, आणि चिठ्ठीत जितके दिवस लिहिले असतील तितके दिवस घ्यावयाची. मध्येच थांबवावयाची झाल्यास डॉक्टरांस विचारून. आमचा डबा आम्ही रिकामा केला. गोळ्या उल्हास नदीत वा उकिरड्यावर न टाकता रुग्णालयाच्या कचऱ्यात देण्याची तजवीज डॉक्टरांनी करून दिली. डब्यात आता सौ. शिवणाचे दोरे ठेवतात.

आमच्या पुतणीने येत्या वर्षी गोव्यास जाऊन समुद्रातील बुरशीवर काम करावयाचे योजिले आहे. घरातील काही वडीलधाऱ्यांना मुलीने एवढ्या लांब जाऊ नये असे वाटते. आम्ही तिच्या बाजूचे आहोत, हे या निमित्ताने जाहीर सभेत सांगून टाकतो. मंडळाच्या शिष्यवृत्तीचा अर्जही तिने भरला आहे. निवड समितीत आम्ही नाही, तेव्हा संकोच वाटत नाही.

तिने तयार केलेल्या तीन तबकड्या बाहेरच्या मेजावर मांडल्या आहेत. पहिलीत निरुपद्रवी जीवाणूंची पांढरी साय धरलेली दिसेल. दुसरीत तशाच सायीवर प्रतिजैविकाची टिकली ठेविली आहे, तिच्याभोवती साय विरघळून स्वच्छ कडे पडले आहे. फ्लेमिंगनी पाहिले ते असेच काहीसे. तिसरीत तीच टिकली आहे, पण कडे नाही, साय टिकलीस येऊन भिडली आहे. आधी चहा घ्यावा, मग रांगेने पाहावे, आणि लहान मुलांस मेजाजवळ नेताना हात धरावा. झाकणे चिकटपट्टीने बंद केली आहेत, ती कोणी उघडू नयेत.